लघवीतून क जीवनसत्त्व मोजताना: आमच्या नोंदवहीतून

१ जुलै २०२४, सोमवार

बार्शीच्या आमच्या कॉलेजात तृतीय वर्षाची मुलं दरवर्षी लिंबू, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व मोजतात. यंदा विषय वाटताना वैरागहून रोज ये-जा करणाऱ्या मुलीनं विचारलं, "मॅडम, फळात किती आहे ते कळलं. पण खाल्ल्यावर अंगात किती उरलं ते कसं कळायचं?" प्रश्न मला इतका आवडला की यंदाचा प्रकल्प तोच ठरला. गटात तिघं: ही वैरागची, दुसरा हॉस्टेलवर राहणारा आणि तिसरा बार्शीतलाच. तिसरा नोंदी आणि वजनकाटा सांभाळणार.

आधी रक्ताची चौकशी केली. रक्त काढल्याबरोबर थंड करायचं, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग वेगळा करून त्यात मेटाफॉस्फोरिक आम्ल घालायचं, गोठवायचं, उजेड लागू द्यायचा नाही आणि मोठ्या शहरात एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, पाठवायचं. यातलं आमच्याकडे काहीच नाही, शिवाय मुलांचं रक्त काढणं हे आमचं काम नव्हे. म्हणून लघवी.

पद्धत जुनीच आहे. केंब्रिजला लेस्ली हॅरिस आणि एस. एन. रे यांनी १९३५ मध्ये लघवीवरून क जीवनसत्त्वाची कमतरता ओळखायची वाट दाखवली. पुढे हॅरिस यांच्याच गटानं ती पक्की केली: वजनाच्या दर किलोला ११ मिग्रॅ क जीवनसत्त्व तोंडानं द्यायचं आणि चौथ्या ते सहाव्या तासातली लघवी तपासायची. ज्याच्या अंगात साठा आहे त्याच्या लघवीत ते लगेच उतरतं. ज्याचा साठा रिता आहे त्याचं शरीर पहिले काही दिवस ते धरून ठेवतं. आमचे लॅबमधले मामा ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे रांजण भरलाय का ते वरून सांडतंय का बघून ठरवायचं." अगदी तसंच.

प्राचार्यांची लेखी परवानगी घेतली, तिघांची आणि माझी संमतीपत्रं फाइलला लावली. मामांनाही भाग घ्यायचा होता, पण त्यांना दोनदा मुतखडा होऊन गेलाय. जास्त मात्रेतल्या क जीवनसत्त्वानं लघवीतलं ऑक्झॅलेट, म्हणजे बहुतेक मुतखडे ज्याचे बनतात ते, वाढतं, म्हणून त्यांना घेतलं नाही.

३ जुलै, बुधवार

दोन दुपारी वाया गेल्या. कारण लिहून ठेवते.

टायट्रेशनला, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबानं द्रावण सोडून किती लागलं ते मोजायला, लागतं ते डायक्लोरोफिनॉल-इंडोफिनॉल. आम्ही नुसतं डाय म्हणतो. निळा रंग, आम्लात गुलाबी होतो, क जीवनसत्त्व भेटलं की रंग जातो. कृती: ५२ मिग्रॅ डाय, ४२ मिग्रॅ खायचा सोडा, पाणी घालून २०० मिली, गाळून तपकिरी बाटलीत, फ्रिजमध्ये.

स्टँडर्ड म्हणजे तुलनेसाठीचं माहीत प्रमाणातलं द्रावण: १ मिलीत ०.१ मिग्रॅ ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्वाचंच रासायनिक नाव), ४ टक्के ऑक्झॅलिक आम्लात. त्यातले ५ मिली घेतले की त्यात ०.५ मिग्रॅ. हिशेबानं साडेतीन मिलीच्या आसपास डाय लागायला हवा. आम्हाला लागला ७.२ मिली, आणि शेवटी गुलाबीऐवजी मळकट रंग. मुलांनी ब्युरेटचा नळ बदलला, पिपेट बदलली, स्टँडर्ड दोनदा बनवलं. दोष कशातच नव्हता. डायची बाटली कपाटात कित्येक वर्षं पडून होती. गाळताना फिल्टर पेपरवर काळपट गाळ राहिला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सोलापूरहून नवी बाटली मागवली. १ ग्रॅमला ८५० रुपये. मामा एसटीनं जाऊन घेऊन आले.

५ जुलै, शुक्रवार

नवा डाय: ३.७, ३.७, ३.७. म्हणजे १ मिली डाय बरोबर ०.१३५ मिग्रॅ. मुलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं.

दुपारी नवी अडचण. ऑक्झॅलिक संपत आलं म्हणून हॉस्टेलवाल्यानं स्टँडर्ड साध्या डिस्टिल्ड पाण्यात पातळ केलं. लगेच घेतलेलं रीडिंग ३.६. दीड तासानं त्याच बाटलीतलं २.६. शेजारची ऑक्झॅलिकमधली बाटली तीन तासांनीही ३.७ वरच. आमचं डिस्टिलेशनचं भांडं जुनं, आतली नळी तांब्याची. तांब्याचा नुसता अंश पाण्यात असला तरी क जीवनसत्त्व हवेतल्या ऑक्सिजननं भराभर जळतं. यापुढे आम्लाशिवाय एकही थेंब नाही, असं फळ्यावर लिहून ठेवलं.

९ जुलै, मंगळवार

हा दिवस फार वाईट गेला. सरावासाठी सगळ्यांना सकाळची लघवी घरून आणायला सांगितली होती. तिघांची आणि माझी, चारही बाटल्यांत जवळजवळ शून्य. मी रोज एक पेरू किंवा दोन लिंबं खाते. माझ्या लघवीत काहीच नाही हे शक्य नव्हतं.

चूक माझीच. वरचा नियम मी स्टँडर्डपुरता धरला आणि लघवीला लावायचा विसरले. बाटल्या सकाळी सहाच्या, आम्ल न घातलेल्या. वैरागची बाटली तर तासभर एसटीच्या खिडकीतून उन्हं खात आली. आम्ही त्या तपासल्या अकरा वाजता.

११ जुलै, गुरुवार

नुसतं वाटून उपयोग नाही म्हणून पडताळलं. माझ्या ताज्या लघवीचे दोन सारखे भाग केले, प्रत्येकात १० मिग्रॅ ॲस्कॉर्बिक आम्ल घातलं. एकात आम्ल, दुसऱ्यात नाही. दोन्ही खिडकीत. चार तासांनी आम्लाच्या बाटलीत घातलेल्यापैकी ९.४ मिग्रॅ सापडलं, बिनआम्लाच्या बाटलीत ४.१. कुणी हा प्रयोग करणार असेल तर आधी हे करून बघावं. बाकी सगळं नीट करूनही इथेच सगळं हातचं जातं.

१५ जुलै, सोमवार

आता लघवीत ऑक्झॅलिक घातलं तर ती दुधासारखी झाली. लघवीतलं कॅल्शियम ऑक्झॅलेट होऊन खाली बसतं. जीवनसत्त्वाला धक्का नाही, पण त्या गढूळपणात गुलाबी रंग दिसायचा कसा? गाळून पाहिलं, वेळ फार जातो. शेवटी ग्लेशियल ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलंच आम्ल, पण जवळजवळ बिनपाण्याचं) वापरलं, लघवीच्या दहाव्या भागाइतकं. स्वच्छ राहतं. ऑक्झॅलिक आता फक्त स्टँडर्डला.

एक सूचना कळकळीनं करते. ग्लेशियल ॲसेटिक कातडी भाजतं. आम्ल घातलेली बाटली कुणाच्या हातात देऊन त्यात लघवी करायला सांगू नका. आम्ही रुंद तोंडाचं प्लास्टिकचं मोजपात्र देतो, ते लॅबमध्ये आलं की हातमोजे घालून मी किंवा मामा आम्ल घालतो.

दुसरी अडचण रंगाची. पिवळ्या लघवीत फिकट गुलाबी कधी आला यावर तिघांची तीन मतं, फरक अर्ध्या मिलीपर्यंत. मग वैरागच्या मुलीनं उलटं करायचं सुचवलं: चंचुपात्रात मोजून डाय घ्यायचा आणि ब्युरेटमधून लघवी सोडायची. आम्लामुळे डाय गुलाबी होतो आणि तो गुलाबी कधी पूर्ण गेला हे डोळ्याला स्पष्ट कळतं. तिघांची रीडिंग ०.०५ मिलीच्या आत आली. मात्र हात चालवायचा, दोन मिनिटांत संपवायचं. लघवीत गंधकयुक्त आणि इतरही पदार्थ असतात जे डायचा रंग हळूहळू खातात. रेंगाळलं की तेही हिशेबात शिरतात.

१८ जुलै, गुरुवार

काल आषाढीची सुट्टी. आज गोळ्या तपासल्या. बाटलीतलं रासायनिक ॲस्कॉर्बिक आम्ल कितीही शुद्ध असलं तरी ते माणसाला खायला द्यायचं नाही, म्हणून मेडिकलमधली चघळायची ५०० मिग्रॅची गोळी. एक गोळी अर्धा लिटर ऑक्झॅलिकमध्ये विरघळवून दहापट पातळ केली. गोळीचा नारिंगी रंग त्यात जवळपास दिसेनासा होतो. आलं ४९१ मिग्रॅ. ठीक आहे.

मात्रा: मी ६८ किलो, दीड गोळी. वैरागची ४७ किलो, एक गोळी. हॉस्टेलवाला ५५ किलो, सव्वा गोळी. तोडायच्या गोळ्यांत थोडंफार कमीजास्त होणार, ते मान्य केलं.

२२ आणि २३ जुलै

पहिला प्रयोग माझ्यावर. सकाळी आठला गोळी, बाराला लघवी करून टाकून द्यायची, तिथून दोनपर्यंतची सगळी साठवायची. १८० मिली, त्यात १८ मिली ॲसेटिक, एकूण १९८. दोन मिली डायला, म्हणजे ०.२७ मिग्रॅला, १.१५ मिली पुरली. हिशेब ४६.५ मिग्रॅ. दुसऱ्या दिवशी ६१.

बारा वाजता वर्गावर तास असतो. मध्येच उठून जाणं अवघड, पण वेळ पंधरा मिनिटांनी चुकली तरी आकडा हलतो. मुलांची वेळापत्रकं त्याप्रमाणे बदलून घेतली.

२५ जुलै, गुरुवार

एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. डायचा रंग क जीवनसत्त्वानंच घालवला हे कशावरून? मोठा आकडा असेल तेव्हा फरक पडत नाही. पण आकडा तीन-चार असेल तर?

उत्तर भाजीबाजारात मिळालं. काकडीत, विशेषतः सालीजवळ, क जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइम भरपूर असतं. दहा रुपयांची काकडी आणली, सालीसकट किसली, फडक्यातून पिळून रस गाळला. ताज्या, आम्ल न घातलेल्या लघवीच्या ५ मिलीत १ मिली रस, वीस मिनिटं अधूनमधून हलवत ठेवायचं, कारण एन्झाइमला ऑक्सिजन लागतो. मग आम्ल आणि टायट्रेशन. या वेळी जे काही रंग घालवेल ते क जीवनसत्त्व नव्हे. रस लघवी किती पातळ करतो ते हिशेबात धरायचं.

खात्रीसाठी तोच रस उकळून वापरला. उकळलेल्या रसानं जीवनसत्त्वाला काही केलं नाही, कच्च्या रसानं सगळं संपवलं. माझ्या गोळीनंतरच्या लघवीतही काकडीनंतर फक्त साडेतीन मिग्रॅ इतका उरलेला भाग राहिला. हे पाहताना मुलं टेबलाभोवती इतकी गोळा झाली की मला पाणी प्यायलाही बाहेर जाता येईना.

२९ जुलै ते २ ऑगस्ट

सोमवार. वैरागच्या मुलीची लघवी हिरवट झाक असलेली गर्द पिवळी. विचारलं तर तोंड आलं म्हणून सकाळी बी-कॉम्प्लेक्स घेतली होती. बी-२ चा तो रंग. रीडिंग धरता येईना, तिची सुरुवात मंगळवारवर गेली. संमतीपत्रात "कोणतंही औषध घेतलं असल्यास सांगावं" ही ओळ हवी होती, ती आज घातली.

हॉस्टेलवाला: १४० मिली, आम्ल धरून १५४. अर्धा मिली डायला ३.४ मिली लागली. हिशेब ३.१ मिग्रॅ. काकडीनंतर २.८. सव्वासहाशे मिग्रॅ पोटात गेलं आणि बाहेर जवळपास काहीच आलं नाही.

मी त्याला गोळी खरंच चावून खाल्लीस का विचारलं. त्याला वाईट वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. गोळी मी स्वतः दिली होती, समोर खाल्ली होती. विचारायला नको होतं.

मंगळवार. त्याचा आकडा ३.९, काकडीनंतर ३.१. वैरागची पहिल्या दिवशी १९.

बुधवार. तो ५.२, काकडीनंतर ३.०. वैरागची ३८. दुपारी वीज गेली ती पाच तास आली नाही, फ्रिज गार राहिला नाही.

गुरुवार. सकाळी स्टँडर्डला ३.७ ऐवजी ४.१ मिली डाय लागला. उष्म्यानं डाय कमजोर झालाय. रोज सकाळी स्टँडर्ड करायची सवय होती म्हणून वाचलो, आजचा हिशेब १ मिलीला ०.१२२ नं केला. नाहीतर आजचे सगळे आकडे फुगले असते. वैरागची ४४, तिचं थांबवलं. आणि हॉस्टेलवाल्याचा आकडा २१.

शुक्रवार. ४३.

चौथ्या दिवशी रांजण काठाशी आला. जेवणातलं वेगळं, नुसत्या गोळ्यांतूनच तोवर अडीच ग्रॅम पोटात गेलं होतं. मोठ्या मात्रेत सगळं आतड्यातून शोषलं जात नाही, म्हणून साठ्यात नक्की किती भर पडली हे आम्ही सांगू शकत नाही. पण तुलनेसाठी: निरोगी माणसाच्या अंगात साधारण दीड ग्रॅम क जीवनसत्त्व असतं आणि ते ३०० मिग्रॅच्या खाली गेलं की स्कर्व्हीची लक्षणं दिसू लागतात. हा मुलगा त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी, खालच्या बाजूला होता असा माझा अंदाज.

संध्याकाळी त्याच्याशी निवांत बोलले. सकाळी मेसचे पोहे, लिंबू नाही. दुपारी चपाती, बटाट्याचा रस्सा, डाळभात. रात्री तेच किंवा कोबी. कोबी सकाळी मोठ्या पातेल्यात शिजतो आणि रात्रीपर्यंत परत परत गरम होतो. फळ शेवटचं कधी खाल्लं, तर गावी गेलो होतो तेव्हा. गावी गेला होता मे महिन्यात. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं हेही त्यानं तेव्हाच सांगितलं, आधी कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दात साफ करून घ्यायला सांगितलं आणि आहार सुधारायला सांगितलं. रक्त कशानं येत होतं याचा निवाडा आमचा प्रयोग करू शकत नाही.

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये पुरुषांसाठी दिवसाला ८० मिग्रॅ आणि स्त्रियांसाठी ६५ मिग्रॅ अशी शिफारस केली आहे. तेवढं एका मध्यम पेरूत सहज मिळतं. वीस वर्षांच्या मुलाच्या अंगात ते नसावं याचा मला आठवडाभर त्रास होत होता.

५ ऑगस्ट, सोमवार

नुसती सकाळची लघवी तपासून का भागत नाही, असं तिसऱ्यानं विचारलं. लघवीत कालचं दिसतं, साठा दिसत नाही. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात तरुणांपैकी सहांच्या लघवीत रोजची मात्रा १०० मिग्रॅ होईपर्यंत क जीवनसत्त्व उतरलंच नाही. म्हणजे शून्य आलं तरी माणूस कमतरतेत आहे असं म्हणता येत नाही. रक्तातल्या आकड्यालाही मर्यादा आहे. जॉन क्रँडन या डॉक्टरनं १९३९ मध्ये स्वतःवर प्रयोग करून सहा महिने क जीवनसत्त्व बंद केलं. त्याच्या प्लाझ्मातलं प्रमाण सहा आठवड्यांत शून्यावर आलं, पण तीन महिन्यांनी मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली भरली नाही.

७ ऑगस्ट, बुधवार

हा प्रयोग मूळ आखणीत नव्हता, पण घरात मधुमेही असलेल्यांनी जरूर वाचावा. लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या आणल्या. माझ्या लघवीत १०० मिलीला १०० मिग्रॅ या प्रमाणात ग्लुकोज मिसळलं. गोळी न घेतलेल्या दिवशीच्या लघवीत पट्टी व्यवस्थित रंगली. गोळीनंतरच्या लघवीत तेवढीच साखर असून पट्टी जवळजवळ कोरी. पट्टीवर रंग येण्याआधीच क जीवनसत्त्व ती क्रिया अडवतं. माझी आई साखरेची रुग्ण आहे आणि सर्दी झाली की या गोळ्या चघळते. तिला त्याच रात्री फोन करून सांगितलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

खर्च. डाय ८५०, ॲस्कॉर्बिक आम्ल ४१०, ऑक्झॅलिक ३२०, ग्लेशियल ॲसेटिक २९०, गोळ्यांच्या दोन पट्ट्या ५०, काकड्या ७०. काचसामान कॉलेजचं. एकूण १,९९० रुपये, एसटीचं भाडं वेगळं. वेळ: सहा आठवडे, त्यातले अडीच चुकांत. ॲसेटिक आणि काकडी पहिल्या दिवसापासून वापरली तर तीन आठवड्यांत होईल.

३ सप्टेंबर, मंगळवार

रेक्टर सरांना महिन्यापूर्वी आकडे दाखवले होते. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही मागून घेतली, बसून वाचली आणि मेसवाल्यांना बोलावलं. तेव्हापासून रोज दोन्ही वेळा ताटात लिंबाची फोड, कोबीची कच्ची कोशिंबीर आड दिवस, रविवारी पेरू. मेसवाले दादा म्हणाले, "लिंबू सध्या स्वस्त आहे, उन्हाळ्यात महागलं की मला सांगू नका." उन्हाळ्याचं तेव्हा बघू. कच्ची कैरी, कोथिंबीर आहेच.

आज हॉस्टेलवाल्याची फेरतपासणी, महिनाभर गोळी न घेता. पहिल्याच दिवशी २७ मिग्रॅ, काकडीनंतर ३.२.

सोबत त्यानं खोलीतला मित्र आणला. गणितात आहे, याच मेसवर जेवतो, पण कोशिंबीर बाजूला काढतो आणि लिंबू पिळत नाही. संमतीपत्र वाचून सही केली. ५८ किलो, सव्वा गोळी. दोन वाजता १६५ मिली. हिशेब २.६, काकडीनंतर २.५.

उद्या सकाळी आठला त्याची दुसरी गोळी.